पिष्टपेषण

निबंध लिहिणाऱ्या माणसाला 'पिष्टपेषण' हा शब्द शिवीसारखा लागतो. दळलेलें पीठ पुन्हां दळीत बसणें, म्हणजे एकदां सांगून झालेलें पुन्हां सांगणें, असा त्याचा अर्थ; आणि टीकाकारांनीं तो आजवर इतक्या लेखांवर उधळला आहे कीं, आतां त्या शब्दाचेंच पिष्टपेषण झालें आहे असें म्हणावें लागेल. परंतु गेले कांहीं महिने ज्या विषयानें माझें मन धरून ठेवलें आहे त्याला हा शब्द अक्षरशः लागू पडतो. पिष्ट म्हणजे स्टार्च. बटाट्यांत, मक्यांत, तांदळांत, साबुदाण्यांत जें पांढरें पीठ सांठलेलें असतें तें. या पिठाचा गुण बदलावा म्हणून वनस्पतीच्या जनुकांत फेरफार करावयाचा, आणि असा फेरफार केलेलें झाड कोणाच्या मालकीचें याचा निवाडा पेटंटाच्या कचेरींत मागावयाचा, हा उद्योग युरोप-अमेरिकेंत गेलीं तीस-पस्तीस वर्षें चालला आहे. एकच पीठ कितीदां आणि कोणकोणत्या जात्यांतून दळलें गेलें हें पाहूं लागलों तेव्हां मला प्रथम हंसूं आलें. मग हळूहळू तें मावळलें. कारण, हा वाद वरकरणीं पिठाचा असला तरी आंतून 'नवें म्हणजे काय' आणि 'तें कोणाचें' या दोन फार जुन्या प्रश्नांचा आहे. आणि त्यांचीं उत्तरें आपल्या ताटांतल्या घासापर्यंत येऊन पोंचतात.

प्रथम या पिठाची जात समजून घेतली पाहिजे. स्टार्चचा कण आपल्याला एकजिनसी दिसतो, पण त्यांत दोन द्रव्यें असतात. दोन्हीं ग्लुकोज साखरेच्या रेणूंच्या सांखळ्यांचींच. पण एकांत त्या सांखळ्या बहुतेक सरळ ओळीनें गेलेल्या, तर दुसऱ्यांत त्यांना झाडासारखे फांटे फुटलेले. सरळ सांखळ्यांच्या द्रव्याला अमायलोज म्हणतात, फांटे फुटलेल्याला अमायलोपेक्टिन. साध्या बटाट्याच्या स्टार्चांत पहिलें सुमारें शेंकडा २० आणि दुसरें सुमारें शेंकडा ८० असतें. वीस हा आंकडा लहान दिसतो, पण सारा खोडसाळपणा त्याचाच. शिजवलेली खळ थंड झाली म्हणजे घट्ट होते, गढुळते, तिला पाणी सुटतें, तें या सरळ सांखळ्या एकमेकींना बिलगून बसतात म्हणून. कागदाचे कारखानदार, चिकटद्रव्यें बनविणारे, सुताला खळ देणारे यांना हवी असते ती स्वच्छ आणि स्थिर राहणारी पेज. तेव्हां या वीस भागांचा बंदोबस्त मागाहून रसायनें घालून करण्यापेक्षां झाडालाच ते बनवूं न दिले तर? हा प्रश्न या साऱ्या भांडणाचें मूळ आहे.

हें सर्व मीं एकदां जेवतांना मोठ्या उत्साहानें घरांत समजावून सांगितलें. सौभाग्यवतींनीं शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें, "अहो, पण यांत नवीन तें काय? मोदकाची उकड कोणत्या तांदळाची धरते आणि कोणत्या तांदळाची फाटते, हें माझ्या आजीला ठाऊक होतें. बासमतीच्या पिठीचे मोदक करायला कोणी बसतें का?" माझें व्याख्यान तेथेंच संपलें. भात मोकळा राहतो कीं लगदतो, उकड चिकट होते कीं चिरते, याच्या मुळाशीं बऱ्याच अंशीं या सरळ सांखळ्यांचें कमीअधिक प्रमाणच असतें. आजीला अमायलोज हा शब्द ठाऊक नव्हता. अमायलोज ठाऊक होतें. ज्ञान आणि ज्ञानाचें नांव या दोन निराळ्या वस्तु आहेत, आणि कचेऱ्यांच्या दप्तरांत बहुधा दुसरीचीच नोंद होते, हें त्या दिवशीं मला जितकें स्पष्ट दिसलें तितकें कोणत्याहि ग्रंथांत दिसलें नव्हतें.

ज्याच्या दाण्यांत अमायलोज जवळजवळ नाहींच असा मका पाश्चात्य जगाला माहीत झाला तो १९०८ सालीं. शांघाय येथील फार्नहॅम नांवाच्या मिशनऱ्यानें तिकडच्या मक्याचें थोडें बीं अमेरिकेच्या शेतकी खात्याकडे पाठविलें, आणि १९०९ मध्यें कॉलिन्स नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. दाणा कापला असतां आंतून मेणासारखा दिसे, म्हणून त्याला वॅक्सी, म्हणजे मेणी, मका हें नांव पडलें. मेण त्यांत मुळींच नाहीं. आयोडीनचा थेंब टाकला कीं साधा स्टार्च निळा होतो आणि हा तांबूस, एवढीच त्याची ओळख. गंमत अशी कीं, मका मूळचा अमेरिकेचाच. तो सोळाव्या शतकांत चीनला गेला. तेथें चिकट भाताची आवड असलेल्या लोकांनीं आपल्या जिभेला रुचेल असा चिकट मका वेंचून वेंचून वाढविला, असें जाणकार मानतात. कोठें तरी एक जनुक बिघडलें होतें. तें बिघडलेलें जनुक त्यांनीं जपलें. बीं पाठविणाऱ्या मिशनऱ्याचें नांव राहिलें, वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञाचें राहिलें. ज्यांनीं तो दाणा प्रथम ओळखला आणि पुढील पेऱ्यासाठीं बाजूला ठेवला, त्यांचें नांव कोठेंच नाहीं.

अमेरिकेंत पुष्कळ वर्षें हें बीं संशोधकांच्या कुतूहलाचा विषय होऊन राहिलें. मग १९४२ सालीं जपाननें जावा बेट घेतलें आणि तिकडून अमेरिकेला जाणाऱ्या टॅपिओकाची वाट बंद झाली. त्याच महायुद्धाच्या काळांत परदेशी साबुदाणा आपल्याकडेहि मिळेनासा झाला आणि सेलमच्या आसपास त्याचा धंदा उभा राहिला. आपल्या एकादशीची खिचडी त्या लढाईची अशी दूरची ऋणाईत आहे. अमेरिकेंत टॅपिओकाच्या जागीं चालेल असें पीठ शोधतांना लोकांना मेणी मका आठवला. आयोवाच्या शेतकी कॉलेजांत त्याचा गुण चांगल्या संकरित वाणांत उतरविण्याचें काम आधींच चालू होतें. लढाईच्या दिवसांत तो शेतांत उतरला आणि तेव्हांपासून त्याचा व्यापार सुरू झाला. झाडावरील पेटंट अमेरिकेच्या कायद्यांत आलें होतें तें १९३० सालीं, आणि तेंहि कलमासारख्या रीतीनें वाढविलेल्या झाडांपुरतें; बियानें वाढणाऱ्या मक्याला तें लागू नव्हतें. शांघायचें बीं संकरकारांच्या हातीं आलें तें असें मोकळें.

बटाट्याची गोष्ट निराळी. त्याच्या पेशींत प्रत्येक जनुकाच्या चार चार प्रती असतात. चारहि एकाच वेळीं बिघडाव्या आणि तें कोणा शेतकऱ्याच्या नजरेस यावें, हें फार दुर्मिळ. १९८७ सालीं डच संशोधकांनीं जनुकांची एकच प्रत असलेल्या बटाट्यावर क्ष-किरणांचा मारा करून अमायलोज नसलेला बटाटा मिळविला. ही झाली एक वाट. १९९१ मध्यें हॉलंडमधीलच व्हिसर व त्यांचे सहकारी यांनीं दुसरी वाट दाखविली. अमायलोज बनविणाऱ्या प्रथिनासाठीं जनुकाकडून पेशीला एक निरोप जात असतो. त्याच निरोपाची उलटी प्रत पेशींत सोडली, तर ती सुलट्या निरोपाला चिकटते आणि तो निरुपयोगी होतो. या युक्तीला अँटिसेन्स म्हणतात. १९९० च्या सुमारासच स्वीडनमधील अमायलोजीन नांवाच्या कंपनीनें याच युक्तीनें केलेल्या बटाट्यासाठीं पेटंटाचे अर्ज करण्यास प्रारंभ केला. एकाच काळीं दोन देशांत एकच कल्पना सुचावी यांत आश्चर्य नाहीं. शास्त्रांत विचार पिकले म्हणजे ते आंब्यासारखे एकदमच पडूं लागतात. अडचण येते ती आंबे कोणी वेंचावे हें ठरवितांना.

त्या स्वीडिश बटाट्याचें पुढें काय झालें तें बोधप्रद आहे. बी. ए. एस्. एफ्. या जर्मन कंपनीनें 'आम्फ्लोरा' या नांवानें तो पुढें आणला. लागवडीच्या परवानगीसाठीं अर्ज गेला १९९६ सालीं. युरोपीय आयोगानें मंजुरी दिली २ मार्च २०१० रोजीं. पेटंटाचें आयुष्य अर्जापासून साधारणतः २० वर्षें. म्हणजे बटाटा शेतांत उतरला तेव्हां पहिल्या अर्जांचा काळ सरत आला होता. झाडांत ठेवलेल्या एका खुणेच्या जनुकामुळें प्रतिजैविक औषधें निकामी होतील कीं काय, अशी शंका लोकांना होतीच. जानेवारी २०१२ मध्यें कंपनीनें आपल्या वनस्पतिसंशोधनाचें ठाणें अमेरिकेस हालविण्याचें जाहीर करून युरोपच्या बाजाराकडे पाठ फिरविली, आणि १३ डिसेंबर २०१३ रोजीं युरोपीय संघाच्या न्यायालयानें, हंगेरीच्या फिर्यादीवरून, ती मंजुरीच कार्यपद्धतींतील दोषास्तव रद्द केली. मध्यंतरीं आवेबे या डच शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेनें जनुकें न जोडतां, निवड आणि संकर यांच्या जुन्या रीतीनें, अमायलोज नसलेला बटाटा तयार करून त्याचा स्टार्च विकावयास काढला. मालकीची वाट आणि बिनमालकीची वाट अशा दोन्ही वाटा एकाच गांवीं पोंचल्या, आणि पायीं चाललेला प्रवासी तेथें टिकून राहिला.

'वाट' आणि 'गांव' हे शब्द मी मुद्दाम वापरीत आहें. कारण मला जें म्हणावयाचें आहे तें त्यांत सामावतें. पेटंट, ज्याला शुद्ध मराठींत एकस्व म्हणतात, हा मुळांत एक सौदा आहे. संशोधकानें आपली युक्ति जगासमोर उघड करावयाची, आणि मोबदला म्हणून राज्यानें कांहीं वर्षें ती इतरांना त्याच्या परवानगीवांचून वापरूं द्यावयाची नाहीं. हा सौदा मला न्याय्य वाटतो. ज्यानें डोंगर फोडून वाट बांधली त्यानें कांहीं काळ नाक्यावर बसून जकात घ्यावी. परंतु, वाट आपली म्हणून ती जेथें जाते तें गांवहि आपलें, असें तो म्हणूं लागला, तर त्या गांवीं दुसऱ्या वाटेनें येणाऱ्याचें काय? आणि जो पिढ्यान् पिढ्या त्या गांवांतच राहत होता त्याचें काय?

सजीव वस्तूवर पेटंट मिळावें कीं नाहीं, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला तो आपल्याकडून तिकडे गेलेल्या आनंद चक्रवर्ती या शास्त्रज्ञाच्या एका जंतूसंबंधीं. १९८० सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल लागला कीं, माणसानें घडविलेला जीव पेटंटास पात्र आहे. एका मताचें तें अंतर. पण त्या फटींतून पुढें झाडेंहि आंत आलीं. युरोपच्या करारांत वनस्पतींचे वाण आणि मूलतः जैविक अशा प्रक्रिया यांवर पेटंट नको असें स्पष्ट म्हटलें आहे. १९९९ च्या डिसेंबरांत युरोपीय पेटंट कार्यालयाच्या वरिष्ठ मंडळानें ठरविलें कीं, एखादा विशिष्ट वाण मागितला नसेल, तर जनुकें बदललेल्या झाडांवर एकंदरींत दावा सांगतां येईल. २०१५ मध्यें त्याच मंडळानें म्हटलें कीं, साध्या संकराच्या रीतीवर पेटंट नसलें तरी तिच्यांतून निघालेल्या झाडावर तें मिळूं शकतें. आणि १४ मे २०२० रोजीं तेंच मत फिरवून, असें झाडहि पेटंटाबाहेर राहील असें सांगितलें. मला या मंडळाला हंसावेंसें वाटत नाहीं. वाट कोठें संपते आणि गांव कोठें सुरू होतें हें पिढीच्या आंत तीनदां मोजावें लागलें, यावरून सीमारेषा किती धूसर आहे हें कळतें.

ज्या अँटिसेन्स युक्तीनें बटाट्याचें अमायलोज गेलें, त्या युक्तीवरचाहि खटला झाला. न्यूयॉर्क राज्यांतील इनूये नांवाच्या संशोधकानें ई. कोलाय या जंतूंत तीन जनुकें उलट्या निरोपानें दाबून दाखविलीं होतीं. त्यावर मिळालेल्या पेटंटांत दावा मात्र जंतूपुरता नव्हता. तो थेट सर्व सजीवांना कवेंत घेणारा होता. पुढें कॅलिफोर्नियांतील कॅलजीन कंपनीनें याच तत्त्वावर लवकर न नासणारा टोमॅटो काढला, तेव्हां पेटंटाचे हक्क बाळगणाऱ्या एन्झो कंपनीनें तिच्यावर फिर्याद केली. १९९९ सालीं अपील न्यायालयानें एन्झोचे दावे अवैध ठरविले. कारण साधें होतें. जंतूपासून टोमॅटोपर्यंत कसें जावें हें पेटंटांत सांगितलेलेंच नव्हतें; तें शोधावयास जाणकारालाहि भलतेच प्रयोग करावे लागले असते. एका शेतांतून पाऊलवाट पाडून सर्व मुलुखाच्या रस्त्यांची जकात मागतां येत नाहीं, इतकाच या निकालाचा अर्थ. पण तो सहा वर्षें भांडल्यावर हातीं लागला.

वीस वर्षांनीं तोच प्रश्न नव्या वेषांत उभा राहिला. २०१२ च्या जून महिन्यांत जेनिफर डाउडना आणि एमॅन्युएल शार्पांतिए यांनीं क्रिस्पर नांवाची कात्री हवें तें जनुक नेमकें कशी कापते, तें परीक्षानळींत दाखविलें. जानेवारी २०१३ मध्यें ब्रॉड इन्स्टिट्यूटचे फेंग झांग यांनीं ती माणसाच्या व उंदराच्या पेशींत चालवून दाखविली. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज आधींचा, पण ब्रॉडनें त्वरेनें तपासणी मागून २०१४ च्या एप्रिलांत पेटंट आधीं मिळविलें. परीक्षानळींतून सजीव पेशींत जाणें हें जाणकाराला सहज सुचण्यासारखें होतें, कीं तोच खरा शोध, यावर सारी लढाई. २०१७, २०१८ आणि २०२२ या तिन्ही सालांतील निकाल ब्रॉडच्या बाजूचे झाले. मध्यें २०२० सालीं नोबेल पारितोषिक मात्र डाउडना व शार्पांतिए यांना मिळालें. आणि १२ मे २०२५ रोजीं अपील न्यायालयानें २०२२ च्या निकालाचा महत्त्वाचा भाग बाजूला सारून प्रकरण पुनर्विचारासाठीं परत धाडलें. स्टॉकहोमचा काटा एकीकडे झुकला आणि वॉशिंग्टनचा दुसरीकडे, याचें नवल मानूं नये. एकानें विचारलें, हें प्रथम कोणाला उमगलें. दुसऱ्यानें विचारलें, हें चालवून कोणी दाखविलें. प्रश्न निराळे, म्हणून उत्तरेंहि निराळीं.

या कात्रीनें व्यापारासाठीं म्हणून जीं पिकें आरंभींच हातीं घेतलीं गेलीं त्यांत कोणतें असावें? तोच मेणी मका. २०१६ च्या एप्रिलांत ड्यूपाँट पायोनियर कंपनीनें जाहीर केलें कीं, उत्तम संकरित मक्यांतून अमायलोज बनविणारें जनुकच कापून काढलें आहे. आणि त्यांत परकें जनुक नसल्यामुळें अमेरिकेच्या शेतकी खात्यानें त्यावर नियंत्रणाची जरूर नाहीं असें कळविलें. यांत लाभ खरा आहे. जुन्या रीतीनें मेणी गुण उतरवितांना नको असलेले गुणहि मागोमाग येत आणि उत्पन्न घटे. २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत २५ ठिकाणीं कात्रीच्या मक्याचें उत्पन्न जुन्या मेणी मक्यापेक्षां एकरीं सरासरी साडेपांच बुशेल अधिक आलें. परंतु कात्री कोणाची हें न्यायालयांत लोंबकळत असल्यानें, कंपनीनें दोन्ही पक्षांकडील हक्क जुळवून घेतले; आणि २०१७ च्या ऑक्टोबरांत तिनें व ब्रॉडनें शेतीपुरते आपले हक्क एकत्र करून इतरांना परवाने देण्याचें ठरविलें. चिनी शेतकऱ्यानें जें बिघडलेलें जनुक जपलें, तेंच जनुक येथें कापलें गेलें. त्याला एक दाणा बाजूला ठेवावा लागला. यांना परवान्यांची एक चळत.

माझे एक वकील मित्र आहेत. त्यांच्यापुढें मीं हें वाक्य मोठ्या ऐटींत टाकलें. ते म्हणाले, "अरे, तूं साहित्याचा माणूस, तुला दृष्टान्त सुचला कीं खटला जिंकल्यासारखें वाटतें. त्या शेतकऱ्याला किती शतकें लागलीं तें सांग ना! पेटंटाची आशा नसती तर बटाट्यासाठीं चौदा वर्षें कचेऱ्यांचे उंबरठे कोण झिजवील? आणि पेटंट नसेल तर लोक युक्त्या उघड करतील कीं कुलुपांत ठेवतील?" आक्षेप खरा आहे, आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाहीं. आम्हां अध्यापकांचा धंदाच दुसऱ्यानें उघड केलेल्या विद्येवर चालतो. गुपितांच्या राज्यांत आमच्या पोटावर पाय येईल. म्हणून जकात रद्द करा असें मी म्हणत नाहीं. नाका कोठें असावा एवढाच माझा वाद आहे.

तो कोठें नसावा याचें उत्तम उदाहरण आपल्याच तांदळाचें आहे. येथें जनुकांची जोडतोड नव्हती, साधा संकर होता. पण भांडण पिष्टाचेंच होतें. २ सप्टेंबर १९९७ रोजीं टेक्सासमधील राइसटेक कंपनीला बासमतीसारख्या तांदळावर अमेरिकेंत पेटंट मिळालें. त्यांत २० दावे होते, आणि त्यांच्या मुळाशीं 'स्टार्च-निर्देशांक' नांवाचा एक आंकडा होता. दाण्यांतील अमायलोजचें शेंकडा प्रमाण आणि अल्कलीच्या द्रावणांत दाणा किती पसरतो त्याचा अंक, यांची ही बेरीज. ती विशिष्ट मर्यादेंत आली कीं भात बासमतीसारखा शिजेल, हें आम्हीं शोधून काढलें, असें कंपनीचें म्हणणें. हिमालयाच्या पायथ्याच्या शेतांत आणि उत्तर हिंदुस्थानच्या स्वयंपाकघरांत ज्या दाण्याची परीक्षा पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनीं, नाकानें आणि बोटांनीं होत आली, तिला एक आंकडा चिकटवून तो दाणाच आपला म्हणण्याचा हा प्रकार. हळदीचें अमेरिकन पेटंट १९९७ सालीं रद्द करविण्यांत डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील आपल्या शास्त्रीय परिषदेला यश आलें होतें. त्या धड्यानंतर २००० सालीं भारतानें या पेटंटाच्या फेरतपासणीची मागणी केली. अखेर २० दाव्यांपैकीं १५ गळाले. ५ उरले ते कंपनीनें स्वतः तयार केलेल्या तीन वाणांपुरते. न्याय तोच झाला: तुमची वाट तुमच्याकडे ठेवा, गांव सोडा.

आपल्या कायद्यानें ही रेषा बरीच स्पष्ट आंखली आहे. २००२ च्या दुरुस्तीनें पेटंट कायद्यांत असें कलम आलें कीं, सूक्ष्मजीव सोडून कोणतीहि वनस्पति, तिचा कोणताहि भाग, बियाणें, वाण यांवर पेटंट नाहीं. नवा वाण करणाऱ्याला २००१ च्या स्वतंत्र कायद्यानें संरक्षण आहे. आणि त्याच कायद्यानें शेतकऱ्याला आपलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि छापाची पिशवी न करतां विकण्याचाहि हक्क ठेवला आहे. तरीहि प्रश्न संपला असें नाहीं. बोंडअळीला मारणाऱ्या जनुकाचा वाद २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन खालीं परत आला, आणि २०२१ मध्यें आपसांत मिटला. जनुक झाडांत शिरल्यावर तें झाड होतें कीं जनुकच राहतें, याचें शेवटचें उत्तर त्यांतून निघालें नाहीं. मे २०२५ मध्यें आपल्या सरकारी संशोधकांनीं क्रिस्परच्या कात्रीनें केलेले भाताचे दोन वाण जाहीर झाले. ते स्टार्चसाठीं नव्हेत. पण कात्री तीच आहे, आणि कात्रीचा धनी ठरविणारा खटला सातासमुद्रांपलीकडचा आहे.

मला खरी भीति वाटते ती यापुढची. परकें जनुक घातलेलें झाड निदान ओळखूं येत असे; त्याच्या अंगावर बाहेरच्या जनुकाची खूण असे. कात्रीनें एक जनुक काढून टाकलेला मेणी मका आणि शांघायच्या बियाच्या वंशांतला मेणी मका यांत डोळ्याला, जिभेला किंवा आयोडीनच्या थेंबाला फरक कळणार नाहीं. जनुकांचीं अक्षरें वाचणाऱ्या यंत्राला तो कळेल. शेतकऱ्याच्या घरीं तें यंत्र नाहीं. उद्यां कोणी त्याच्या बांधावर येऊन, तुझा दाणा आमच्या वाटेनें आला आहे असें म्हणेल, तर आपण जुन्या पायवाटेनें आलों हें त्यानें कशाच्या आधारानें सिद्ध करावयाचें? २०२४ च्या फेब्रुवारींत युरोपच्या पार्लमेंटनें अशा झाडांवर पेटंट नसावें असा कौल दिला, तो याच भीतीपोटीं. नुसता कौल म्हणजे कायदा नव्हे, पण भीतीला शब्द सांपडला हेंहि थोडें नाहीं.

म्हणून माझें मागणें फार मोठें नाहीं. वाट आपली आहे हें सिद्ध करण्याचा भार वाटेच्या धन्यावर असावा. शेतांत उभ्या असलेल्या माणसावर असूं नये. जी रीत उघड केली तेवढ्यावरच जकात असावी, आणि तिची मुदत संपली कीं नाका मोडावा. आणि नव्या दाण्याची नोंद करतांना, ज्या जुन्या दाण्यावरून तो निघाला तो कोणी राखला होता, याचाहि उल्लेख त्याच कागदावर व्हावा. नांव माहीत नसेल तर गांवाचें लिहावें. गांवहि माहीत नसेल तर निदान एक ओळ कोरी सोडावी. १९०८ सालीं शांघायहून जें बीं निघालें तें कुलुपांत असतें, तर १९४२ सालीं अमेरिकेला तें सांपडलें नसतें. आणि आज ज्या जनुकावर कात्री चालते तें कोणतें, हेंहि कदाचित् इतक्या लवकर कळलें नसतें. दळणाऱ्यानें दळणावळ जरूर घ्यावी. धान्य ज्याचें त्याच्या डब्यांत पीठ परत आलें पाहिजे, एवढा जुना रिवाज मात्र प्रत्येक गिरणींत पाळला जातो.